नवी सोय हवी, पण आवृत्ती अजून कच्ची आहे

प्रश्न : आमच्या संस्थेचे संकेतस्थळ ड्रुपल या संकेतस्थळे चालवण्याच्या प्रणालीवर चालते. त्यावर जुन्या अंकांचा संग्रह असून वाचक नोंदणी करून तो पाहतात. शोधातून येणारी यादी वर्षानुसार गाळून दाखवण्याची सोय आम्हाला हवी आहे. संबंधित मॉड्यूलच्या (ड्रुपलला जोडायच्या भागाच्या) स्थिर आवृत्तीत ती नाही, पण ‘डेव्ह’ म्हणजे अजून काम चालू असलेल्या आवृत्तीत आली आहे. ती बसवावी, की थांबावे?

उत्तर : चालू संकेतस्थळावर ती बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डेव्ह आवृत्ती बिघडेलच असे नाही. पण बिघडली तर मागे फिरणे फार महाग पडते. मॉड्यूल बदलले की डेटाबेस अद्ययावत करण्याची पायरी येते. तिच्यात नवे तक्ते तयार होऊ शकतात, जुने रकाने बदलू शकतात आणि सेटिंग वेगळ्या रचनेत साठवली जाऊ शकतात. ही क्रिया उलटी फिरवण्याची सोय ड्रुपलमध्ये नाही. त्यामुळे जुन्या फाइली पुन्हा जागेवर ठेवल्या तरी त्यांच्या वाट्याला बदललेला डेटाबेस येतो. मग बॅकअप चढवणे एवढाच मार्ग राहतो, आणि बॅकअप घेतल्यानंतर ज्या वाचकांनी नोंदणी केली असेल त्यांच्या नोंदी त्यात नसतात. केवळ माहितीची चार पाने असलेल्या संकेतस्थळाला हे चालून जाईल, तुम्हाला नाही.

दुसरे कारण सुरक्षेचे आहे. ड्रुपलचा सुरक्षा गट ज्या मॉड्यूलांची जबाबदारी घेतो, त्यांच्याही फक्त स्थिर आवृत्त्यांसाठी सूचना काढतो. डेव्ह, तसेच स्थिर आवृत्तीआधी क्रमाने येणाऱ्या अल्फा, बीटा आणि रिलीज कॅन्डिडेट या चाचणीच्या आवृत्त्या त्यात येत नाहीत. स्थिर आवृत्तीतला धोक्याचा दोष दुरुस्ती तयार होईपर्यंत खाजगी ठेवला जातो. जो दोष केवळ डेव्हमध्येच आहे, त्याची चर्चा मात्र उघडपणे होऊ शकते, म्हणजे दुरुस्तीची वाट पाहणाऱ्याइतकीच त्याचा गैरफायदा घेणाऱ्यालाही ती वाचायला मिळते.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. स्थिर आवृत्तीचा क्रमांक एकदा ठरला की त्यामागचा कोड बदलत नाही. ‘२.x-डेव्ह’ हे नाव मात्र एका शाखेचे आहे, आणि विकसकाने त्या शाखेत भर घातली की त्याच नावाखाली वेगळा कोड मिळतो. त्यामुळे चाचणी घेतलेली डेव्ह आणि नंतर सर्व्हरवर चढलेली डेव्ह एकच असतील याची खात्री नावावरून होत नाही. दोष कळवताना विकसक पहिल्यांदा आवृत्ती विचारतो, तेव्हाही नुसते ‘डेव्ह’ हे उत्तर त्याच्या कामाचे नसते.

तरीही हात बांधून बसण्याची गरज नाही. संकेतस्थळाची वेगळी प्रत तयार करा, ती शोधयंत्रांना आणि बाहेरच्या वाचकांना बंद ठेवा, तिच्यातून ई-मेल बाहेर जाणार नाहीत याची काळजी घ्या आणि डेव्ह आवृत्ती तिथे खुशाल वापरा. आढळलेले दोष मॉड्यूलच्या पानावर नोंदवा. स्थिर आवृत्ती लवकर यावी असे वाटत असेल, तर त्यासाठी तुम्ही करू शकाल असे हेच सर्वांत उपयोगी काम आहे. हवी असलेली सोय एखाद्या छोट्या पॅचमध्ये (कोडमधल्या नेमक्या बदलांच्या फाइलीत) वेगळी उपलब्ध असेल, तर स्थिर आवृत्तीवर तेवढाच पॅच लावण्याचा मार्गही आहे आणि ड्रुपलच्या जगात तो नेहमीचा आहे. मात्र प्रत्येक अपडेटच्या वेळी तो नव्या कोडवर बसतो का, हे तपासावे लागते.

काही मॉड्यूलांची स्थिर आवृत्ती कधी निघालेलीच नसते. पर्यायी मॉड्यूल नाही आणि सोय टाळताही येत नाही अशी वेळ आली, तर काम अलीकडे चालू आहे का आणि नोंदवलेल्या दोषांना उत्तरे मिळतात का, हे आधी पाहावे. मग मॉड्यूल उतरवून घेणाऱ्या कॉम्पोझर या साधनात शाखेऐवजी तपासलेल्या नेमक्या कमिटचा (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाचा) संकेत लिहून ठेवावा, म्हणजे नकळत पुढचा कोड येणार नाही. अल्फापेक्षा बीटा आणि बीटापेक्षा रिलीज कॅन्डिडेट बरी.

प्रश्न : आमच्या सर्व्हरवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे आणि त्यात एनजिनएक्स या वेब सर्व्हरची १.२२ ही जुनी आवृत्ती दिसते. डेबियनच्या टेस्टिंग, म्हणजे पुढच्या आवृत्तीची चाचणी चालणाऱ्या शाखेतून नवी घ्यावी का?

उत्तर : घेऊ नये. डेबियन १२ सारख्या स्टेबल (स्थिर) म्हणून निघालेल्या आवृत्तीत क्रमांक जुना दिसला तरी सुरक्षेच्या दुरुस्त्या त्या जुन्या आवृत्तीतच आणून बसवल्या जातात, म्हणून मूळ क्रमांकावरून असुरक्षिततेचा निष्कर्ष काढता येत नाही. मार्च २०२४ मध्ये फाइलींचा आकार लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला, तेव्हा तो डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल शाखांपर्यंत आला होता, स्टेबलमध्ये पोहोचला नव्हता.

एनजिनएक्सपुरती एक वेगळी बाजू आहे. त्याचे निर्माते सम क्रमांकाची ‘स्टेबल’ आणि विषम क्रमांकाची ‘मेनलाइन’ अशा दोन शाखा चालवतात. स्टेबल शाखेत केवळ गंभीर दुरुस्त्या येतात, मेनलाइनमध्ये सगळ्या. म्हणून ते स्वतः बहुतेकांना मेनलाइन सुचवतात. एखादी नवी सोय खरोखर लागत असेल, तर टेस्टिंग शाखा मिसळण्यापेक्षा निर्मात्यांचे डेबियन १२ साठीचे अधिकृत पॅकेज घ्यावे. मात्र डेबियनच्या पॅकेजपेक्षा त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलींची मांडणी वेगळी असल्याने बदल आधी प्रतीवर करून पाहावा.