आयर्लंडला येतोयस? मग सोमवार सकाळचं बोलणं आधी समजून घे

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. डब्लिनच्या कंपनीची ऑफर हातात, परमिटची कागदपत्रं चालू, आणि गाडी अडली कुठं तर फुटबॉलपाशी! ऑनलाइन इंटरव्ह्यूच्या सुरुवातीला पाच माणसं दहा मिनिटं कुठल्यातरी जो ब्रॉलीवरून एकमेकांना डिवचत होती. तुला वाटलं आता मेस्सी-रोनाल्डोवर येतील, ती काही आली नाहीत. हा कुठला फुटबॉल, हा ब्रॉली कोण, हे माहीत नसलं तर ऑफिसात निभावेल का, आणि नऊ वर्षांच्या पोराला या खेळात घालावं का, असं तू विचारलंयस.

परमिटचं तुझी कंपनी बघेल. घराचं एवढंच सांगतो की पहिल्या महिन्याची सोय तिथूनच करून निघ, इथं उतरून शोधीन म्हणू नकोस. बाकी सगळं फुटबॉलवर, कारण ते तुला नीट कुणी सांगणार नाही.

हा गेलिक फुटबॉल. पंधरा विरुद्ध पंधरा. चेंडू हातात घेता येतो, पण चार पावलांत त्याला टप्पा द्यायचा नाहीतर पायाच्या चवड्यावरून उडवून परत हातात घ्यायचा. गोल झाला तर 3 गुण, आडव्या दांडीवरून गेला तर 1. स्कोअर 1-16 असा लिहितात, म्हणजे एक गोल आणि सोळा पॉइंट, एकूण 19. चालवणारी संघटना जीएए, म्हणजे गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, 1884 पासूनची. बेटावरच्या 32 काउंट्या तिच्यात येतात, उत्तरेकडच्या ब्रिटनच्या ताब्यातल्या सहाही. आणि मुख्य गोष्ट: कुणालाही पगार नाही, लिलाव नाही. आपल्या गावच्या क्लबातून खेळायचं, चांगला खेळलास तर काउंटीकडून खेळायचं.

तू कोल्हापूरचा आहेस म्हणून सोपं जाईल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ मॅच असली की पेठांत काय वातावरण असतं ते तुला माहीत आहे. तेच इथं गावोगाव आहे, आणि वर 82 हजार माणसं बसतील असं डब्लिनचं क्रोक पार्क. आपल्या तालमींचे फुटबॉल संघ आता नायजेरियातूनही खेळाडू आणतात. इथं शेजारच्या गावातनं आणला तरी बोंब होईल. केरीचा डेव्हिड क्लिफर्ड, आजचा सगळ्यांत मोठा खेळाडू, पेशाने शाळामास्तर आहे.

आता ब्रॉली. टीव्हीवर मॅचआधी, मध्यंतरात आणि मॅचनंतर जे बसून बोलतात त्यांना इथं 'पंडित' म्हणतात. हो, आपलाच शब्द, इंग्रजांबरोबर फिरून इथं आलेला. सरकारी वाहिनी आरटीईवर 1979 पासून 'द संडे गेम' हा कार्यक्रम चालतो, आणि त्या टेबलावर वर्षानुवर्षं तीन माणसं गाजली. केरीचा पॅट स्पिलेन, खेळाडू म्हणून आठ ऑल-आयर्लंड, म्हणजे काउंट्यांमधली सगळ्यांत मोठी अजिंक्यपदं, जिंकलेला. मीथचा कोलम ओ'रूर्क, 1987 आणि 1988 च्या विजेत्या संघातला. आणि डेरीचा जो ब्रॉली, 1993 चा विजेता; गोल मारला की प्रेक्षकांना फ्लाइंग किस द्यायचा. पोटापाण्याला स्पिलेन शिक्षक, ओ'रूर्क नॅवनच्या शाळेचा मुख्याध्यापक, ब्रॉली बॅरिस्टर. म्हणजे टीकाकारही हौशी आणि ज्यांच्यावर टीका व्हायची तेही हौशी. इथली सगळी गंमत आणि सगळी कटकट यातच आहे.

संजय मांजरेकर 2019 च्या वर्ल्डकपमध्ये जडेजाबद्दल बोलला, जडेजाने ट्विटरवर सुनावलं आणि सेमीफायनलला 77 मारून बॅट फिरवली. आपण सगळ्यांनी मजा घेतली. पण जडेजाला त्यासाठी दुसऱ्या दिवशी बँकेत नाहीतर शाळेत कामाला जायचं नव्हतं. इथल्या खेळाडूला जायचं असतं.

माझीच फजिती सांगतो. मी 2012 ला आलो. 2013 च्या ऑगस्टमधला एक मंगळवार, ऑफिसची कँटीन. शनिवारी टिरोन आणि मॉनहन यांची क्वार्टरफायनल झाली होती. मॉनहनचा कोनोर मॅकमॅनस गोलाच्या दिशेने सुटला होता, टिरोनच्या शॉन कॅव्हनाने त्याला मागून रग्बीसारखं कवळा घालून पाडलं. पिवळं कार्ड मिळालं, बस्स. टिरोन दोन गुणांनी जिंकलं. मॅचनंतर ब्रॉली टेबलावर असा काही पेटला की देशभर तीच क्लिप. खेळाची इभ्रत घालवली, माणूस म्हणून कॅव्हनाचं नाव काढू नका, इथपर्यंत गेला.

मला वाटलं, चला, आता आपणही चार शब्द बोलू. चहा घेताना मी ब्रॉलीचंच वाक्य माझं म्हणून ठोकून दिलं. समोर होता ओमा गावचा सहकारी. ओमा टिरोनमध्ये येतं हे मला ठाऊक नव्हतं. त्याने चहात दूध ओतलं, चमचा फिरवत राहिला, आणि अगदी हळू म्हणाला, "असं होय." भावा, आयरिश माणूस आवाज न चढवता "असं होय" म्हणाला की समज, तू खड्ड्यात आहेस. मग त्याने विचारलं, "मॅच बघितलीस?" मी नव्हती बघितली. मी फक्त ब्रॉली बघितला होता.

त्याने मग पेपर नॅपकिनवर मैदान काढून दाखवलं. कॅव्हनाने जे केलं ते प्रत्येक काउंटीचा प्रत्येक बचावपटू करत होता, कारण नियमाप्रमाणे त्याची किंमत फक्त एक पिवळं कार्ड होती. गोल वाचतो आणि कार्ड मिळतं, तर शहाणा माणूस काय करेल? आणि कॅव्हना पेशाने अकाउंटंट. कामावर परतल्यावर तोही कुठल्यातरी टेबलाशी बसून चहा पीत असणार, आणि समोर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाने ती क्लिप पाहिलेली असणार.

इथं तुला अजूनही बरेच जण छातीठोक सांगतील की ब्रॉली बोलला म्हणून ब्लॅक कार्ड आलं, म्हणजे असं मुद्दाम पाडणाऱ्याला मैदानाबाहेर काढणारं कार्ड. खोटं आहे. ब्लॅक कार्डचा नियम जीएएच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, त्याच वर्षी मार्चमध्ये मंजूर झाला होता, ब्रॉली पेटण्याच्या चांगला चार महिने आधी. जानेवारी 2014 पासून लागू होणार हेही ठरलेलं होतं. ब्रॉलीने एवढंच केलं की कागदावरच्या कोरड्या नियमाला एक चेहरा दिला, आणि तो चेहरा बिचाऱ्या कॅव्हनाचा होता. हाच कॅव्हना पुढे निवृत्त झाल्यावर आरटीईवर पंडित म्हणून बसला. कोल्हापुरात असं झालं असतं तर स्टुडिओबाहेर पोलीस बंदोबस्त लागला असता.

पंडितांच्या वजनाबद्दल माझं मत असं, की प्रशिक्षकांवर त्यांचा काडीचा परिणाम होत नाही. 2003 च्या सेमीफायनलला टिरोनने केरीच्या खेळाडूंना घोळक्याने घेरून घेरून हरवलं, तेव्हा स्पिलेनने त्या खेळाला ओकारी आणणारं फुटबॉल म्हटलं. टिरोन पुढची फायनल जिंकलं, पहिल्यांदाच. 2005 ला आणि 2008 ला फायनलमध्ये केरीलाच हरवलं. तो शब्द टिरोनची माणसं आता पदकासारखी मिरवतात. 2011 ला प्रशिक्षक जिम मॅकगिनेसच्या डॉनेगॉलने जवळजवळ सगळा संघ बचावात उभा केला, डब्लिनकडून 0-8 विरुद्ध 0-6 असे हरले, पंडितांनी कपाळाला हात लावला. पुढच्याच वर्षी डॉनेगॉल ऑल-आयर्लंड जिंकलं, आणि बाकीच्यांनी तीच पद्धत उचलली. पंडित जितके ओरडले तितका बचाव वाढला असं म्हणणार नाही, पण ओरडल्याने कमी झाला नाही हे नक्की.

परिणाम झाला तो बघणाऱ्यांवर. वीस वर्षं दर रविवारी "खेळ मेला, खेळ मेला" ऐकून लोकांना मॅच बघताना खरंच कंटाळा यायला लागला. तसा तो होताही कंटाळवाणा. चेंडू कबड्डीच्या चढाईसारखा इकडून तिकडे, तिकडून इकडे, हातातल्या हातात. शेवटी जीएएने डब्लिनचा माजी प्रशिक्षक जिम गॅव्हिन याच्या हाताखाली समिती नेमली आणि 2025 च्या मोसमापासून खेळच बदलला. 40 मीटरच्या कमानीबाहेरून मारलं तर 2 गुण. दोन्ही अर्ध्यांत प्रत्येक संघाचे निदान तीन खेळाडू हवेतच. गोलकीपरकडे परत पास देऊन वेळकाढूपणा जवळपास बंद. त्या वर्षीच्या फायनलला केरीने डॉनेगॉलला 1-26 विरुद्ध 0-19 हरवलं. 2011 चा तो 0-8, 0-6 आठव आणि शेजारी ठेवून बघ.

आता त्या समितीत ओरडणारे नव्हते. बरेचसे स्वतः प्रशिक्षक राहिलेले लोक होते, आणि त्यांनी नियम आधी मैदानावर खेळवून बघितले. मग पंडितांना श्रेय किती? माझ्या मते, त्यांनी लोकांची तयारी करून ठेवली. एकदम इतके नियम बदलायला काउंट्यांच्या प्रतिनिधींनी होकार दिला, तो उगाच नाही.

आणि टीव्हीवरचा शहाणपणा मैदानात किती चालतो तेही कळलं. ओ'रूर्क 2022 मध्ये मीथचा मॅनेजर झाला. मी नॅवनजवळ, म्हणजे मीथमध्येच राहतो, तेव्हा आमच्याकडे तर दिवाळीच. 2023 ला दुसऱ्या फळीची टॅल्टन कप स्पर्धा जिंकली, पण पहिल्या फळीत काही जमलं नाही, आणि दोन मोसमांनी तो बाजूला झाला. बार्बरच्या दुकानात त्याच्यावर जे ऐकलं ते तो स्वतः टीव्हीवर दुसऱ्यांबद्दल बोलायचा त्याहून फार कडक नव्हतं.

ब्रॉलीबद्दल मात्र घाईने मत करू नकोस. 2012 मध्ये याच माणसाने क्लबातल्या एका ओळखीच्या माणसाला स्वतःची किडनी दिली. ती टिकली नाही. तरी हा अवयवदानासाठी फिरत राहिला. 2019 ला डब्लिन-केरी फायनल बरोबरीत सुटली, त्या दिवशी तो रेफरीवर घसरला, आणि रिप्लेच्या दिवशी टेबलावर नव्हता. तिथून त्याचा आरटीईचा अध्याय संपला, आता पॉडकास्टवर बोलतो. स्पिलेनने 2022 च्या फायनलनंतर निरोप घेतला. केरीने गॉलवेला हरवलं होतं. स्पिलेनचे वडील 1964 ला केरीचे सिलेक्टर. छातीत दुखत असताना गॉलवेविरुद्धच्या फायनलला गेले, आणि त्याच आठवड्यात वारले. पोरांचा खेळ त्यांनी बघितलाच नाही, आणि त्या तीन भावांची मिळून 19 ऑल-आयर्लंड पदकं. हे सांगताना स्पिलेन कॅमेऱ्यासमोर रडला. इतकी वर्षं ज्याला टिरोनची माणसं शिव्या देत होती, त्याच्यासाठी त्या रात्री माझ्या ओमाच्या मित्राचा मेसेज आला: "म्हातारा रडवून गेला."

आणखी एक, हसण्यासारखं. 2014 ला ब्रॉली म्हणाला होता की केरीत आता पूर्वीसारखे खेळाडू तयार होत नाहीत. केरी फायनल जिंकलं, आणि केरीचा खेळाडू कीरन डॉनाही टीव्हीच्या मुलाखतीत थेट कॅमेऱ्यात बघून बोलला, काय रे जो ब्रॉली, आता काय म्हणणं आहे? हे वाक्य ऑफिसात आजही वापरतात. कोड चालला, टेस्ट पास झाली, की कुणीतरी मॉनिटरकडे बघून "काय रे जो ब्रॉली?" तुझ्या इंटरव्ह्यूत बहुतेक असलंच काहीतरी चाललं असेल.

तर ऑफिसात निभावेल का? निभावेल. मत नसलं तरी चालतं, उसनं मत मात्र लगेच पकडतात. समोरचा कुठल्या काउंटीचा आहे ते आधी विचार, आणि "तुमचं यंदा काय?" एवढंच म्हण. पुढची वीस मिनिटं तोच बोलेल. आणि क्लिप बघण्याआधी एक तरी पूर्ण मॅच बघ. क्रोक पार्कला दोन्हीकडचे प्रेक्षक एकत्रच बसतात. माझ्या पहिल्या मॅचला शेजारी एक आजी कानात रेडिओ लावून बसल्या होत्या, समोर मॅच आणि कानात कॉमेंट्री. मी विचारलं कशाला, तर म्हणाल्या, डोळ्यांवर विश्वास नाही राहिला.

पोराला जरूर घाल. जिथं घर मिळेल तिथल्या क्लबात नाव नोंदव, उन्हाळ्यात आठवडाभराचे कूल कॅम्प असतात तिथंही. मुलांच्या मॅचला पालक रेषेबाहेर उभे असतात, त्यातला एखादा स्वतःला ब्रॉली समजून रेफरीवर ओरडतो. त्याच्या शेजारी उभा राहू नकोस. बूट भारतातूनच आण, स्वस्त पडतात. माउथगार्ड इथं घे, त्याशिवाय सरावालाही उतरू देत नाहीत. गरम पाण्यात बुडवून पोराच्या दातांवर दाबून बसवायचा असतो. आमच्या पोरीने पहिला माउथगार्ड जास्त वेळ पाण्यात ठेवला आणि त्याचं चॉकलेटसारखं भेंडोळं झालं, म्हणून दोन घे.