आधी तळ बघ

प्रिय दोस्ता,

किंझुआच्या पुलावरचं तुझं टिपण दोनदा वाचलं. पेनसिल्वेनियातला हा रेल्वेपूल 1882चा म्हणायचा की 1900चा, इथे तुझं घोडं अडलंय. दोन्ही लिही. वरचा डोलारा 1900चा, तळाचे बोल्ट 1882चे. पण ही गोष्ट तुझ्याकडे शेवटच्या पानावर येते, तीही अर्ध्या ओळीत, आणि तिथेच माझं डोकं फिरलं. आधी तळ बघ, मग वर चढ.

301 फूट उंची, अभियंता ऑक्टेव्ह शॅन्यूट, 94 दिवसांत उभारणी, 1884मध्ये फ्रान्समधला गाराबीचा पूल होईपर्यंत जगातला सर्वांत उंच रेल्वेपूल. हे सगळं नीट मांडलंयस, त्यात खोट नाही. मात्र हे वाचून कोणालाही कळणार नाही की पूल तोलणारे 20 मनोरे जमिनीला धरलेले कशाने होते. वाळूदगडाचे चौथरे आणि त्यांत बसवलेले लोखंडी अँकर बोल्ट, यांनी.

इंजिनं जड झाली तसं मूळचं लोखंड कमी पडायला लागलं. 24 मे 1900ला पूल पोलादात नव्याने उभारायचं काम सुरू झालं, 25 सप्टेंबरला संपलं. रीत फार देखणी होती. 180 फुटी लाकडी कैची, म्हणजे तुळईसारखा आडवा सांगाडा, दोन मनोऱ्यांवर टेकवायची, मधला जुना मनोरा उतरवायचा, त्याच जागी पोलादी चढवायचा आणि कैची एक मनोरा पुढे सरकवायची. एका मनोऱ्याला साधारण आठवडा. एवढं करून बोल्ट मात्र जुनेच ठेवले. नव्या पायथ्याला ते आखूड पडले, म्हणून कॉलर, म्हणजे दोन तुकडे जोडणारं कडं, घालून लांबवले. म्हणजे प्रत्येक पायाशी एक सांधा आला, वर नवं, खाली जुनं.

आता बोल्टचं काम समजून घे. एरवी पुलाचं वजनच मनोऱ्याला खाली दाबून धरतं, बोल्ट जवळजवळ रिकामा असतो. आडवा वारा जोराचा आला की वाऱ्याकडचा पाय उचलायला बघतो आणि त्या घटकेला सगळा ताण बोल्टवर येतो. वर्षानुवर्षं निवांत राहणाऱ्या भागाकडे कोणी फिरकत नाही. त्यात पाणी आणि माती साचते ती तळाशीच, आणि कॉलरच्या आतला गंज बाहेरून दिसत नाही.

मालगाड्या 1959मध्ये थांबल्या. 1987पासून सहलीच्या गाड्या धावल्या, जून 2002मध्ये त्याही बंद झाल्या. तपासणीत गंज सापडला होता, 2003च्या फेब्रुवारीत दुरुस्तीही सुरू झाली होती. 21 जुलैला टोर्नॅडो, म्हणजे भोवऱ्यासारखं फिरणारं वादळ, आलं आणि अर्ध्या मिनिटाच्या आत 11 मनोरे आडवे झाले. तू लिहितोस, 'वादळाने पूल पाडला.' अरे, वादळाने ढकलला. धरून ठेवणारं गंजलं होतं, म्हणून पडला! हे एकच वाक्य सुधारलंस तरी टिपण उभं राहील.

आता तू ज्या बंद पुलाची पाहणी करणार आहेस, त्याबद्दल. कठडा, कमानी, फोटो नंतर. पायथ्याची माती खरवडून काढ. बोल्टवर हलकी हातोडी मार. आवाज खणखणीत आला नाही तर तिथे खूण कर. गंजाची खपली काढल्याशिवाय व्यास मोजू नकोस, कारण गंज फुगतो आणि बोल्ट उलट जाडच वाटतो. कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचा चिमटा, एकाच जागी लावून मोकळा होऊ नकोस: नटाखाली, कॉलरच्या तोंडाशी, दगडात शिरतो तिथे, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. व्यास पाव भागाने घटला तर छेदाचं क्षेत्रफळ 56 टक्केच उरतं. 'थोडासा गंज' असं लिहून आणलंस तर मी ते पान वाचणार नाही.

मला हट्टी म्हणतात, वरचं सौंदर्य दिसत नाही म्हणतात. दिसतं रे. किंझुआच्या उरलेल्या मनोऱ्यांवर 2011मध्ये लोकांसाठी 624 फुटांची वाट खुली झाली, तिथून पडलेलं पोलाद दरीत पसरलेलं दिसतं. फोटो सगळे तिथूनच काढतात. तुझ्या वहीत मात्र पहिलं चित्र एका पायथ्याचं हवं: चौथरा, बोल्ट, कॉलर, नट, चारहींच्या मापांसह. ते झालं की पाठव, मग कमानींचं बोलू.