धंदा बाईचा, खातं नवऱ्याचं

प्रश्न : मसाला कांडपाचा व्यवसाय चार वर्षं चालवते. नवीन यंत्रासाठी 3 लाखांचं कर्ज हवंय. बँक म्हणते, घर मिस्टरांच्या नावावर आहे, ते तारण द्या. दुसरा मार्ग?

उत्तर : ताई, लघुउद्योगाला तुमच्याएवढ्या कर्जासाठी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. तुमची मागणी मुद्रा योजनेच्या ‘किशोर’ गटात (50 हजार ते 5 लाख) बसते. अर्ज त्यातच करा.

खरी अडचण बहुधा वेगळी असते. दुकानातला क्यूआर कोड नवऱ्याच्या खात्याचा, वीजबिल सासऱ्यांच्या नावावर. मग कागदावर तुमचा धंदा दिसणार कुठे? आधी उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) स्वतःच्या नावाने करा. आधार, पॅन पुरतं. ती मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. कोड बदलून गिऱ्हाइकांचे पैसे स्वतःच्या खात्यात घ्या, रोख गल्लाही तिथेच भरा. सहा महिन्यांत उलाढाल दिसू लागते. यंत्राचं कोटेशन तुमच्याच नावाचं हवं. बचत गटाचे हप्ते वेळेवर फेडले असतील, तर त्या हप्त्यांचा उतारा अर्जाला जोडा.

तरीही नकार आला, तर कारण लेखी मागा. तोंडी ‘नाही’वर तक्रार उभी राहत नाही.