‘मॉड्यूल’ म्हणजे सुटा भाग का?

प्रश्न असा आहे: वाहन उद्योगावरच्या लेखाचं भाषांतर करताना ‘मॉड्यूलर प्रॉडक्ट फॅमिली’ला ‘सुट्या भागांचे उत्पादन-कुटुंब’ आणि ‘टेक्नॉलॉजी रोडमॅप’ला ‘तंत्रज्ञान पथनकाशा’ म्हटलं तर चालेल का?

‘सुटे भाग’ नको. सुटा भाग म्हटलं की स्पेअर पार्टचं दुकान आठवतं, आणि तिथे पहिला सवाल ‘गाडी कोणती?’ हाच असतो. मॉड्यूल म्हणजे ठरलेल्या मापाने जोडता आणि बदलता येणारा भाग; त्याची खरी गंमत तो एकाहून जास्त गाड्यांना चालतो, यात आहे. लॅटिन ‘मोड्युलस’ म्हणजे छोटं माप. आतली रचना खुशाल बदला, जोडाच्या जागचं माप मात्र हलता कामा नये.

चाकणला तयार होणाऱ्या कुशाक, टायगुन, स्लाव्हिया आणि व्हर्टस घ्या. दोन एसयूव्ही, दोन सेडान. बिल्ले स्कोडा आणि फोक्सवॅगनचे. पण पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर चौघींचं २६५१ मिलिमीटर, कारण चौघी एमक्यूबी या फोक्सवॅगन समूहाच्या सामाईक मॉड्यूलर रचनेच्या भारतीय अवतारावर उभ्या आहेत. २०१२ साली आलेल्या मूळ एमक्यूबीत ॲक्सिलरेटरच्या पेडलपासून पुढच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर कायम ठेवलं आणि बाकी लांबी-रुंदी मोकळी सोडली. (अशा सामाईक रचनेला इंग्रजीत ‘प्लॅटफॉर्म’ म्हणतात; त्याला ‘फलाट’ म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.)

तेव्हा मॉड्यूलला ‘मॉड्यूल’च म्हणा, मॉड्यूलर किचनमुळे तो शब्द घरोघरी पोचलाच आहे. सामाईक मॉड्यूलांवर उभ्या उत्पादनांच्या ‘फॅमिली’ला मात्र ‘कुटुंब’पेक्षा ‘कुल’ बरं. ‘भाषाकुल’ आपण म्हणतोच, तसं ‘उत्पादनकुल’. ‘उत्पादनमाला’ म्हटलं तर एकामागून एक येणं कळतं, पण आतलं सामाईकपण निसटतं.

‘पथनकाशा’ फसवा आहे. नकाशात जागा दाखवतात. टेक्नॉलॉजी रोडमॅपच्या तक्त्यात आडवा अक्ष काळाचा असतो आणि बाजारपेठ, उत्पादन, तंत्रज्ञान यांचे थर एकाखाली एक. बीएस-६ या वाहनांच्या धुराविषयीच्या नियमांचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. अशी तारीख वरच्या थरात आली की खाली इंजिनाचा मॉड्यूल कधी बदलायचा ते ठरतं, आणि जोडाची मापं तीच राहिली तर दारं-डॅशबोर्डांना हात लावावा लागत नाही. सरकारी ‘पथदर्शी आराखडा’ही इथे फार मोघम वाटतो. मी ‘तंत्रज्ञानाचा कालआराखडा’ म्हणेन. कारखान्यातल्या माणसांसाठी लिहीत असाल तर सरळ ‘रोडमॅप’. वाक्य असं होईल: ‘या उत्पादनकुलातला कोणता मॉड्यूल कोणत्या वर्षी बदलायचा, हे रोडमॅपमध्ये ठरवले आहे.’