सीडी१२३ ‘पॉझिटिव्ह’ आला, आता पुढे?

प्रश्न: टाळूवर केस गेलेला, व्रण (जखम भरल्यावरचा स्कार) पडलेला चट्टा. एच-ई (नेहमीचा गुलाबी-जांभळा स्टेन) स्लाइडवर डिस्कॉइड ल्युपस की लायकेन प्लॅनोपिलॅरिस (दोन्ही केसांची मुळं नष्ट करणारे आजार), ठरत नाही. सीडी१२३ (पेशीवरचं एक प्रथिन दाखवणारा मार्कर) लावला तर त्याच्या पेशी दोन्हींत दिसतात म्हणे. मग लावायचा कशाला?

उत्तर: पेशी आहेत का, यापेक्षा त्या बसल्या कशा आहेत ते बघा. सीडी१२३ने प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशी (प्रतिकारशक्तीच्या एक प्रकारच्या पेशी) रंगतात. ल्युपसमध्ये त्या केसांच्या मुळांभोवती, रक्तवाहिन्यांजवळ, घामग्रंथींशी पुंजके करून बसतात. लायकेनमध्ये बहुधा लिम्फोसाइटच्या (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) गर्दीत सुट्या विखुरलेल्या असतात. लगटून बसलेल्या दहाएक पेशी दिसल्या, तर पुंजका धरायला हरकत नाही.

नवशिके हमखास फसतात ते केशवाहिन्यांपाशी (सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या). त्यांचं अस्तरही सीडी१२३ घेतं, आणि तिरप्या कापात आडवी सापडलेली वाहिनी थेट पुंजक्यासारखी दिसते. मोठ्या लेन्सखाली मधली पोकळी शोधा. हेच अस्तर तुमचा आतला कंट्रोलही आहे: वाहिन्याच रंगल्या नसतील, तर स्टेन फसलाय. ‘निगेटिव्ह’ लिहू नका, ब्लॉकचा (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) नवा काप घ्या. वाहिन्या फारच आड येत असतील, तर त्याच पेशी दाखवणारा दुसरा मार्कर, बीडीसीए-२, जास्त नेमका.

त्याच ब्लॉकवर इलॅस्टिक स्टेनही करा. लायकेन प्लॅनोपिलॅरिसमध्ये इलॅस्टिक तंतू वरच्या भागात, केसाच्या मुळाभोवती पाचरीच्या आकारात गेलेले असतात. ल्युपसच्या जुन्या व्रणात ते डर्मिसभर (त्वचेचा आतला थर) नाहीसे होतात. अल्शियन ब्लू स्टेनवर खोलवर म्युसिन (चिकट, बुळबुळीत द्रव्य) दिसलं, तर पारडं ल्युपसकडे झुकतं. मात्र डर्मॅटोमायोसायटिसमध्येही (त्वचा आणि स्नायूंचा दाह) म्युसिन असतं आणि सीडी१२३च्या पेशीही असतात. तिथे ही जोडी कामाची नाही. स्नायूंची तपासणी आणि रक्तातल्या अँटीबॉडीच बघाव्या लागतात.

प्रश्न: तळहातावर सोरायसिस की एक्झिमा? केआय-६७ (पेशींची वाढ दाखवणारा मार्कर) किंवा केरॅटिन १६ (त्वचेतलं एक प्रथिन) लावून उलगडा होईल का?

उत्तर: नाही. एपिडर्मिस (त्वचेचा वरचा थर) जोरात वाढत असली की हे दोन्ही मार्कर वाढतात, कारण कुठलंही असो. आधी पीएएस (बुरशी दाखवणारा स्टेन) करून बुरशी वगळा, ती राहून गेली तर बाकीचा काथ्याकूट फुकट. मग शिंगथरात (सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर) न्यूट्रोफिल (पांढऱ्या रक्तपेशी; सोरायसिसकडे) आहेत की सीरम (रक्तातला द्रव; एक्झिमाकडे), ते बघा. जनुकपातळीवर एनओएस२ नावाचं जनुक वाढलेलं असणं सोरायसिसकडे बोट दाखवतं, पण ती पीसीआरची (जनुकं मोजायची प्रयोगशाळेतली पद्धत) चाचणी आहे, स्लाइडवरची नाही.

प्रश्न: सावळ्या त्वचेच्या कापात डर्मिसभर तपकिरी ठिपके. मार्कर की मेलॅनिन (त्वचेचं नैसर्गिक रंगद्रव्य)?

उत्तर: प्रायमरी अँटीबॉडी (मार्करला चिकटणारी) न घातलेली स्लाइड शेजारी ठेवा. ठिपके तिथेही असतील, तर ते डीएबीचे (मार्कर दाखवणारा तपकिरी रंग) नव्हेत. मग एईसीसारखा लाल क्रोमोजेन (मार्कर रंगवणारं द्रव्य) वापरा. एईसी अल्कोहोलमध्ये विरघळतो, त्यामुळे शेवटी सवयीने अल्कोहोल-झायलीन केलंत की रंग धुपला. पाण्यात चालणारं माउंटिंग माध्यमच हवं. किंवा डीएबीच ठेवून काउंटरस्टेन (मागची पार्श्वभूमी रंगवणारा स्टेन) गिम्साचा करा: मेलॅनिन हिरवट-निळं होतं, डीएबी तपकिरीच राहतं.

प्रश्न: टाळूच्या अशा चट्ट्याची बायोप्सी पाठवताना कोणती काळजी घ्यावी?

उत्तर: चार मिलिमीटरचे दोन पंच (त्वचेचे गोल तुकडे) घ्या, दोन्ही वाढत्या कडेवरून, मधल्या विझलेल्या पांढऱ्या भागात नुसता व्रण मिळतो. एक तुकडा त्याच्या दसपट फॉर्मॅलिनमध्ये. दुसरा इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (चमकणाऱ्या रंगाने ऊतकातल्या अँटीबॉडी शोधायची चाचणी) मिशेल माध्यमात (ऊतक टिकवणारं द्रावण). या तुकड्याला फॉर्मॅलिनचा तर थेंबही नको, अगदी आधी फॉर्मॅलिनमध्ये बुडालेला चिमटासुद्धा नको. चट्ट्यावर स्टेरॉइडचं मलम चालू असेल, तर ते किती दिवस लावलं हे फॉर्मवर लिहाच.