जिन्यातला आवाज : ध्वनिमुद्रणाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही चौघे मित्र मराठी रॉक वाजवतो. गेल्या महिन्यात एका स्टुडिओत चार गाणी रेकॉर्ड केली. प्रत्येकाने वेगळ्या दिवशी येऊन क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठोक्यांच्या टिकटिकीवर, आपला भाग वाजवला. सुरात-तालात कुठे खोट नाही, पण गाण्यांत जीव नाही. कॉलेजच्या हॉलमध्ये हीच गाणी पेटतात. आम्ही रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडचे भक्त आहोत. ‘ओके कम्प्युटर’ हा अख्खा अल्बम संगणकावर केलेला असूनही तो इतका जिवंत कसा? आता महागडा स्टुडिओ घ्यावा का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : महागडा स्टुडिओ घेऊ नका. अल्बमच्या नावामुळे तुमचा समज झाला असणार, पण त्यातलं बहुतेक वादन पाच जणांनी एकत्र केलेलं आहे. गायक टॉम यॉर्कचा आवाजही बराचसा पहिल्याच टेकचा, म्हणजे पहिल्याच दमात गाऊन रेकॉर्ड केलेला. तुम्ही चौघं चार वेगळ्या दिवशी वाजवलंत, खरी गोम तिथे आहे.

तो अल्बम कसा झाला ते सांगते, कारण तुमचं उत्तर त्यातच आहे. १९९६ मध्ये बँडला आगाऊ एक लाख पौंड मिळाले. ते त्यांनी स्वतःची यंत्रं घ्यायला वापरले. सोबत होता निर्माता आणि ध्वनिमुद्रक नायजेल गॉड्रिच, वय वर्षं पंचवीस. सुरुवात इंग्लंडमधल्या डिडकॉट गावाजवळच्या त्यांच्या शेडमध्ये झाली. तिथे ना संडास, ना पाण्याचा नळ. त्यात सगळ्यांची घरं जवळ, म्हणजे मन निम्मं घरी. तरी चार गाणी झाली. मग सप्टेंबरात त्यांनी बाथ शहराजवळचा सेंट कॅथरीन्स कोर्ट हा जुना वाडा घेतला. अभिनेत्री जेन सीमोरचा होता तो. वाड्यात पाऊल ठेवलं आणि अल्बमला त्याचा आवाज सापडला, असं मला मनापासून वाटतं.

त्या अल्बममधलं ‘एक्झिट म्युझिक’ हे गाणं हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला नुसती गिटार आणि गळा. त्या गळ्याभोवती जी गार, ओलसर पोकळी ऐकू येते ती दगडी जिन्याची आहे. गायकाला जिन्यात नेलं आणि तिथे घुमणारा आवाज तसाच टेपवर घेतला. ‘लेट डाउन’ पहाटे तीनला रिकाम्या नाचघरात वाजवलं. दगड, लाकूड, छताची उंची ही सगळी त्या गाण्यांत वाद्यांच्या पंगतीला बसली आहेत.

संगणक होता, नाही असं नाही. ‘एअरबॅग’ या गाण्याचे ड्रम्स म्हणजे बँडचा ड्रमर फिल सेल्वेच्या वादनातला काही सेकंदांचा तुकडा, मॅकिंटॉशवर कापून-जोडून केलेला. रेकॉर्डमधले तुकडे जोडून संगीत करणाऱ्या डीजे शॅडोसारखं काहीतरी करायचं होतं, पण प्रोग्रॅमिंगचा हात बसलेला नव्हता, त्यामुळे तो ताल जरासा अडखळत चालतो. मला तो अडखळणारा ताल फार प्रिय आहे. ‘फिटर हॅपिअर’मधला बोलणारा आवाजही मॅकिंटॉशचाच. पण तो मुद्दाम निर्जीव ठेवलाय, कारण गाण्याचा विषयच तो आहे.

जागाही गाण्यात वाजते, हे मला पुस्तकातून पटलं नाही. काही वर्षांपूर्वी साताऱ्याकडच्या एका वाड्यात एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायला गेले होते. माजघरात चारही भिंतींना गोधड्या टांगल्या, घुमारा मारला, माइक लावला. आजी गायल्या, पण आवाज कपाटात कोंडल्यासारखा आला. जेवणं झाल्यावर त्या ओसरीच्या दगडी पायरीवर बसून स्वतःशीच गुणगुणायला लागल्या आणि माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, “आजी, थांबू नका, मी माइक इथेच आणते.” त्या टेकमध्ये मधेच एक चिमणी बोलते. ती मी काढली नाही.

तेव्हा तुम्ही असं करा. रविवारी रिकामा असेल असा कॉलेजचा तोच हॉल मागून घ्या. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा आणि ती विरेपर्यंत ऐका, मग दोन्ही कोपऱ्यांत, मग जिन्यात. गाण्याला शोभेल ती जागा कान सांगतील. चौघांनी एकमेकांचे चेहरे दिसतील असं गोल बसा. क्लिक हवीच असेल तर फक्त ड्रमरच्या कानात द्या. ड्रम्सचा आवाज गिटारच्या माइकमध्ये शिरेल, शिरू द्या. प्रत्येक गाण्याचे तीनच टेक घ्या आणि मधे ऐकत बसू नका. गाताना गळा दाटला, श्वास ऐकू आला, तर तो भाग पुन्हा गाऊ नका. मागून भरायचं ते थोडंच असावं. रेडिओहेडनेही तंतुवाद्यं नंतर, जानेवारी १९९७ मध्ये, लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत जाऊन घेतली होती.

आणि गाणी लोकांसमोर वाजवत राहा. ‘पॅरनॉइड अँड्रॉइड’ आधी मंचावर वाजायचं तेव्हा लांबलचक ऑर्गनसकट चौदा मिनिटांच्याही वर जायचं. अल्बमवर ते साडेसहा मिनिटांच्याही आत आलं. तीन वेगवेगळे तुकडे जोडलेलं गाणं आहे ते, पण सांधा कुठे खुपत नाही.

प्रश्न : घरी मिक्सिंग करतो, म्हणजे रेकॉर्ड केलेले वेगवेगळे आवाज एकत्र जुळवतो. एका गाण्याला तीन आठवडे झाले, तरी समाधान नाही. किती वेळ द्यावा? – एक वाचक, नाशिक

उत्तर : गॉड्रिच एका मिक्सला साधारण अर्धा दिवस देतो, त्याहून लांबलं की गाणं हातातून निसटतं असं त्याचं मत. मी सकाळी दहाला बसते आणि जेवायच्या वेळी उठते. संध्याकाळी तेच गाणं हळू आवाजात, स्वयंपाक करता करता ऐकते. कुकरच्या शिट्टीतही शब्द कळले तर मिक्स झाला. तुमचा तीन आठवड्यांपूर्वीचा पहिला मिक्स जपून ठेवला असेल तर आज रात्री तो लावून बघा.