‘द डूम्सडे मशीन’ आधी जुन्या रूपात पाहा

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळ-विज्ञानकथेच्या मूळ दूरचित्रवाणी मालिकेची ओळख तुम्ही ‘द डूम्सडे मशीन’ या भागाच्या नूतनीकृत आवृत्तीपासून करून घेणार असाल, तर आधी १९६७ सालचे जुने रूप एकदा तरी पाहावे, असे मी आग्रहाने सुचवेन. या भागातले ग्रह गिळणारे यंत्र म्हणजे, भागाचे लेखक नॉर्मन स्पिनरॅड यांच्या सांगण्यानुसार, सिमेंटात बुडवलेली वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी होती. उद्ध्वस्त ‘कॉन्स्टेलेशन’ यान दुकानात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या खेळण्यातून जोडलेले होते आणि त्याचा क्रमांक १०१७ हा मालिकेतील मुख्य यान ‘एंटरप्राइझ’च्या १७०१ या क्रमांकातील आकड्यांची अदलाबदल करून साधला होता. ही काटकसर ठाऊक असली, की २००७ साली संगणकावर नव्याने घडवलेल्या दृश्यांत नेमके काय कमावले आणि काय गमावले, हे तुमचे तुम्हालाच ठरवता येते. माझे म्हणाल, तर नवे यंत्र प्रचंड वाटते खरे, पण जुन्याचा ओबडधोबडपणा मला अधिक भीतीदायक वाटतो.

नव्या दृश्यांवरून वाद घालताना एक गोष्ट मात्र निसटू देऊ नका. मूळ निगेटिव्हवरून चित्र स्वच्छ केल्यामुळे ‘कॉन्स्टेलेशन’चा प्रमुख कमोडोर डेकर याच्या भूमिकेतील विल्यम विंडम यांची वाढलेली दाढी आणि हातातल्या माहिती साठवण्याच्या चौकोनी फितींशी चाललेला अस्वस्थ चाळा आता स्पष्ट दिसतो. त्यात संगणकाने काहीही घातलेले नाही. ब्लू-रे संच मिळाला तर उत्तमच, कारण त्यात दोन्ही आवृत्त्या आहेत.